'सेल्फ-केअर गार्डनिंग बॉक्स' वापरून बघितला: कुंडी भारी, जर्नल डोक्याला ताप

पाचपैकी तीन स्टार, आणि तेही कुंडी, कोकोपीट आणि खुरप्यामुळे. बाकी "स्वतःसाठी वेळ" वगैरे नावाखाली बॉक्समधे जे काय कोंबलंय त्याला मी काहीच देणार नाही. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण असे बॉक्स आता बरेच जण विकतात आणि उघडून बघितलं तर आत थोड्याफार फरकाने तेच सामान असतं, त्यामुळे तुम्ही जो बॉक्स बघताय त्यालाही हे बऱ्यापैकी लागू पडेल.

घरात मोठं आजारपण चालू आहे आणि सांभाळणारी मी, म्हणजे औषधांच्या वेळा, रिपोर्ट, फोन, रात्रीची जाग सगळं माझ्याकडे. बहिणीनं काळजीपोटी हा बॉक्स पाठवला. झाडांची आवड मला आधीपासून आहे त्यामुळे सामान बरं की वाईट एवढं कळतं, पण या वेळी मी बघत होते ते वेगळंच, की ज्या माणसाच्या अंगात डोकं चालवायचीच ताकद उरलेली नाही त्याला हा बॉक्स झेपतो का. कारण विकतात तर त्यालाच ना, झाकणावर मोठ्या अक्षरात "कठीण काळातला तुमचा सोबती" असं छापलंय.

आत काय काय आहे: कोकोपीटची एक वीट, गांडूळखताची पुडी, बियांची चार पाकिटं, एक सेल्फ-वॉटरिंग कुंडी, खुरपं, स्प्रेची बाटली, ओलावा मोजायचं मीटर, हातमोजे, एक जर्नल, गोड गोड वाक्यांची कार्डं, सुगंधी मेणबत्ती (का? कुणास ठाऊक) आणि अ‍ॅपचा क्यूआर कोड.

कोकोपीटपासून सुरुवात करते कारण सगळ्यात भारी तेच निघालं आणि गंमत म्हणजे त्याची जाहिरात कुठेच नाही. ६५० ग्रॅमची दाबलेली वीट असते, टबात ठेवायची, वरून कोमट पाणी ओतायचं, चारेक लिटर सहज पितं, आणि ती फुगत फुगत आठ-नऊ लिटरची होते. कडेने मऊ पडते पण आतला गाभा टणक राहतो, तो हातानेच फोडावा लागतो, कुस्करत बसावं लागतं, आणि त्या वेळात फोन हातात घेता येत नाही कारण दोन्ही हात कोपरापर्यंत ओले असतात. एवढंच. पण गेल्या कित्येक दिवसांत मी कुठलाही रिपोर्ट डोक्यात न घोळवता केलेलं ते पहिलं काम होतं, त्यामुळे वीट संपल्यावर मी फक्त वीट परत मागवली, बॉक्स नाही.

आता बॉक्ससोबतच्या माहितीपत्रकात जे लिहायला हवं होतं आणि लिहिलेलं नाही ते. कोकोपीट आधी धुवून घ्या. ते नारळाच्या सोडणापासून करतात आणि सोडणं बऱ्याचदा खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात भिजवलेली असतात, त्यातले सोडियम-पोटॅशियमचे क्षार मालात राहतात आणि कोवळ्या मुळांना ते सोसत नाहीत. पाकिटावर 'लो ईसी' लिहिलं असेल तर क्षार कमी आहेत असं समजायचं, नसेल लिहिलं तर दोन-तीनदा पाणी बदलून पिळून घ्यायचं, पाण्याचा तपकिरी रंग फिका होईपर्यंत. दुसरं म्हणजे नुसत्या कोकोपीटात झाडाला मिळण्यासारखं जवळजवळ काही नसतं, ते फक्त पाणी धरून ठेवतं. आठ-नऊ लिटर कोकोपीटाला निदान दोन-तीन लिटर गांडूळखत तरी हवं, आणि बॉक्समधे आलंय ते मूठ-दोन मूठ! म्हणजे रोप उगवणार, दोन-चार पानं काढणार आणि मग पिवळं पडून तिथेच थांबणार, आणि नवख्या माणसाला वाटणार आपलंच काहीतरी चुकलं. चुकलेलं काही नसतं, त्याला खायलाच दिलेलं नसतं.

बिया. इथे मला खरंच राग आला. चार पाकिटं: झेंडू, बुटकं सूर्यफूल, पिटुनिया आणि लॅव्हेंडर. झेंडू आणि सूर्यफूल एकदम बरोबर निवडलेत, बी मोठं, हाताला लागतं, ऊबदार हवेत झेंडू आठवड्याच्या आत डोकं वर काढतो आणि सूर्यफूलही त्याच्या मागोमाग येतं, सूर्यफूल तर बियांचं टरफल डोक्यावर घेऊनच वर येतं आणि ते बघायला मी दिवसातून उगाचच चार वेळा जात होते. पिटुनियाचं बी म्हणजे धूळ, एका ग्रॅममधे साधारण १०,००० बिया बसतात, आणि त्याला उगवायला उजेड लागतो म्हणून ते वर नुसतं शिंपडायचं असतं, झाकायचं नसतं. पत्रकात चारही बियांना सरसकट "अर्धा इंच खोल पेरा" असं दिलंय. अर्धा इंच! पिटुनिया तिथून वर येईल का सांगा. साधा नियम आहे की बी जेवढं जाड त्याच्या दुपटीएवढं खोल, आणि धुळीसारखं बी असेल तर फक्त वर टाकून हलकं दाबायचं, हे दोन ओळीत छापता आलं असतं.

आणि लॅव्हेंडर. बॉक्सवर फोटो लॅव्हेंडरचाच आहे, जांभळी शेतं वगैरे. लॅव्हेंडरच्या बियांना थंडी लागल्याशिवाय त्या नीट जाग्या होत नाहीत, म्हणून जाणकार लोक त्या ओल्या कोकोपीटात किंवा वाळूत घालून काही आठवडे फ्रीजमधे ठेवतात, मग पेरतात, मग उगवायला आणखी दोन आठवडे ते महिनाभर, तेही सगळ्या उगवतील याची खात्री नाही आणि बियांपासून केलेल्या रोपाला पहिल्या वर्षी नाव घेण्यासारखी फुलं येतच नाहीत. म्हणून नर्सरीवाले ते बहुतेक फांद्यांपासून करतात. हे ज्याला माहितीये तो हसून सोडून देईल. पण आधीच खचलेला माणूस रोज जाऊन रिकाम्या कुंडीत बघणार आणि महिन्याने काय ठरवणार, तर माझ्या हाताला यशच नाही, माझ्याकडून साधं एक झाड होत नाही. सोबती म्हणवणाऱ्या बॉक्सने माणसाला हे वाटायला लावणं मला अजिबात पटलेलं नाही. फोटो चांगला दिसतो म्हणून लॅव्हेंडर घातलंय, दुसरं कारण नाही.

माझं तर मत झालंय की असल्या काळात बियांपेक्षा जगलेलं रोप द्यावं. शेजारच्या काकूंनी मनी प्लांटची फांदी दिली, पेराच्या खाली कापलेली, पाण्यात ठेवली आणि मुळं आल्यावर बॉक्समधल्या कुंडीत लावली. ते झाड कुणाकडूनही मरत नाही, कमी उजेड चालतो, पाणी विसरलं तर पानं लोंबतात आणि पाणी घातल्यावर परत उभी राहतात. स्नेक प्लांट तर याच्याही पुढे, त्याला विसरलेलंच जास्त मानवतं. फक्त घरात मांजर-कुत्रा असेल तर जपा, मनी प्लांटच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात, चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते.

कुंडीबद्दल आता. सेल्फ-वॉटरिंग म्हणजे खाली पाण्याची टाकी, वर माती, मधून सुती वात. पाणी वातीतून आपोआप वर चढतं, पंप नाही, वायर नाही, बिघडण्यासारखं काही नाही. माझ्यासारख्या माणसाला ज्याचा अर्धा दिवस कधी हॉस्पिटलमधे जाईल सांगता येत नाही त्याला याच्यासारखी सोय नाही, टाकी भरली की आठवडाभर बघावं लागत नाही (ऊन आणि झाडावर कमीजास्त). फ्लोटची काडी आहे, ती खाली गेली की भरायचं. बाजूला जास्तीचं पाणी जायला भोक पण आहे, ते असलेलीच कुंडी घ्या, नसेल तर पावसात किंवा हात जास्त सुटला तर मुळं बुडून सडतात.

पण दोन गोष्टी. एक, लावल्यापासून पहिले दोन-तीन आठवडे पाणी वरूनच घाला कारण मुळं खालपर्यंत पोचलेली नसतात आणि वात आधी भिजवून मगच बसवा, कोरडी वात पाणी ओढायला फार वेळ घेते. दोन, वरचा थर सतत ओला राहिला तर बारीक काळ्या माश्या होतात, चावत नाहीत पण तोंडासमोर फिरत बसतात, आजारी माणसाच्या घरात नकोच ते. टाकी रिकामी झाल्यावर लगेच भरू नका, वरचा इंचभर सुकू द्या, आणि पिवळे चिकट कागद मिळतात ते खोचून ठेवा. मातीवर पांढरा थर दिसायला लागला तर ते क्षार साठतायत, मधूनमधून टाकी काढून वरून भरपूर पाणी जाऊ द्यायचं.

खुरपं मस्त. पातं आणि दांडा एकाच पत्र्यातून काढलेलं, जोड नाही, त्यामुळे टणक माती उकरताना मान वाकत नाही. स्प्रेची बाटली ठीक. कार्डांवर काहीच बोलत नाही.

मीटर फेकून द्या. बॅटरी लागत नाही म्हणून लोकांना भारी वाटतं, पण ते खरं म्हणजे ओलावा मोजतच नाही, दोन धातूंमधून मातीत किती करंट वाहतो ते बघतं, त्यामुळे माती खारट किंवा नुकतंच खत घातलेलं असेल तर काटा "ओलं" दाखवतो आणि भुसभुशीत कोकोपीटात काडीला नीट स्पर्श मिळाला नाही की ओलं असूनही "कोरडं". बोट घाला दोन पेरांपर्यंत, कळतं. किंवा कुंडी उचलून बघा, पाणी घातल्याबरोबरचं वजन एकदा हाताला कळलं की पुढे विचारच करावा लागत नाही.

बरं आता जर्नल आणि अ‍ॅप. जर्नलमधे रोज एक पान, वर तारीख, खाली "आज मला कसं वाटतंय" आणि पाच चेहरे, रडका ते हसरा, मग "आज माझ्या रोपाने मला काय शिकवलं". अहो रोपाने काही शिकवलं नाही, रोप उगवतंय, त्याला त्याचं काम आहे. अ‍ॅप त्याहून वरचढ, रोज झाडाचा फोटो टाकायचा, सलग दिवस मोजले जातात, एक दिवस चुकला की आकडा शून्यावर आणि वर एक कोमेजलेलं कार्टून पान. तपासणीच्या रांगेत बसलेली असताना फोन थरथरला, मला वाटलं लॅबचा मेसेज, बघते तर "तुमचं रोप तुमची वाट बघतंय 🌱". तिथल्या तिथे अ‍ॅप उडवलं. ज्या माणसाला आधीच सगळे वाट बघतायत असं वाटतंय त्याच्या यादीत आणखी एकाची भर, आणि वर त्याला नाव आराम. जर्नलचा कागद मात्र जाड आणि चांगला आहे, मी त्यात औषधांच्या वेळा लिहिते आणि कुठल्या औषधानंतर किती ताप ते, पाच चेहऱ्यांच्या चौकटीत टेंपरेचर बरोबर बसतं.

पत्रकातल्या दाव्यांकडे येऊ, कारण त्यात "विज्ञान सांगतं" हा शब्दप्रयोग पाण्यासारखा वापरलाय.

"मातीतले जिवाणू नैराश्य घालवतात": हे मायकोबॅक्टेरियम व्हॅकी नावाच्या जिवाणूबद्दल आहे. २००७ साली आलेलं ते संशोधन उंदरांवरचं होतं, उष्णतेने मारलेले जिवाणू त्यांना टोचले होते. कुतूहल वाटण्यासारखं आहे, मान्य, पण तिथून एकदम कुंडी उकरली की मूड चांगला ही उडी कंपनीची आहे.

"झाडं घरातली हवा शुद्ध करतात": हे नासाच्या १९८९ च्या प्रयोगावरून, जो बंद, सीलबंद पेट्यांमधे केला होता. घर पेटी नसतं, दारं-खिडक्यांतून हवा येते जाते. २०१९ मधे असे सगळे प्रयोग एकत्र तपासले गेले तेव्हा निघालं की हवा खेळती ठेवून जेवढं साधतं तेवढं झाडांकडून करून घ्यायचं तर जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. म्हणजे मग आपण राहायचं कुठे.

"बागकामाने ताण कमी होतो": हे मात्र बऱ्यापैकी खरं. नेदरलँड्समधला २०११ सालचा प्रयोग आहे, ३० जणांना आधी ताण येईल असं काम दिलं, मग निम्म्यांना अर्धा तास बागेत काम आणि निम्म्यांना अर्धा तास आत बसून वाचन. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं हार्मोन, दोन्हीकडे उतरलं पण बागेत जास्त, आणि मूड बागेतल्यांचा परत जागेवर आला, वाचणाऱ्यांचा नाही. फक्त ही तीसच्या तीस माणसं आधीपासूनच बाग करणारी होती हे पत्रक सांगत नाही, ज्याला चिखलाची किळस आहे त्याला तोच फायदा होईल असं त्यावरून म्हणता येत नाही.

आणखी एक, हॉस्पिटलच्या खिडकीतून झाडं दिसणारे पेशंट लवकर बरे झाले हे १९८४ चं प्रसिद्ध निरीक्षण यांनी बागकामाच्या नावावर खपवलंय. त्यात बागकाम नव्हतंच! पेन्सिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट, २३ जणांना खिडकीतून झाडं, २३ जणांना विटांची भिंत, झाडंवाले थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. बिछान्यात पडून नुसतं बघणं होतं ते. पण यातून माझा फायदा झाला, मी झेंडूची कुंडी उचलून आजारी माणसाच्या खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर ठेवली. बाहेर मुद्दाम, कारण कुंडीतल्या ओल्या मातीत बुरशी असते आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्या पेशंटच्या खोलीत ती ठेवायची की नाही हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नये. पत्रकात यावर चकार शब्द नाही, उलट "बेडजवळ ठेवा" असा फोटो आहे.

हातमोज्यांचंही तेच, दिलेत पण का ते लिहिलेलं नाही. पॉटिंग मिक्सच्या, म्हणजे कुंडीत भरायच्या तयार मातीच्या, धुळीतून लिजिओनेला जातीचा एक जिवाणू फुप्फुसात जाऊ शकतो, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधे तर पिशव्यांवर तशी सूचना असते की पिशवी उघडताना तोंड लांब ठेवा, धूळ उडू नये म्हणून आधी ओलं करा, मास्क लावा, हात धुवा. घाबरायचं कारण नाही पण वयस्कर किंवा आजारी माणूस घरात असेल तर एवढं कराच.

बॉक्सच्या मागे "होम थेरपी" छापलंय तेही खटकलं. बागकामातून उपचार हे खरोखरचं क्षेत्र आहे, अमेरिकेत त्याची संघटना १९७३ पासून आहे, त्यात शिकलेला थेरपिस्ट असतो, पेशंटप्रमाणे ठरवलेलं काम असतं. कुरियरने आलेल्या खोक्याला ते नाव लावायचं काही कारण नाही, रात्र रात्र झोप लागत नसेल, नकोसं होत असेल तर डॉक्टर गाठा, झेंडू नंतर.

एवढी पानं छापायचीच होती तर रुह्लेबेनचं तरी छापायचं. पहिल्या महायुद्धात बर्लिनजवळच्या या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात जर्मनीत अडकलेल्या ब्रिटिश नागरिकांना डांबलं होतं, तबेल्यांमधे राहायची माणसं. १९१६ मधे त्यांनी आत चक्क बागकाम मंडळ काढलं, लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीला पत्र लिहून संलग्नता मागितली, ती मिळाली आणि वर बिया-कंदही आले. कैदेत असून यांनी फुलांची प्रदर्शनं भरवली! किंवा नेल्सन मंडेला, दक्षिण आफ्रिकेतल्या पोल्समूरच्या तुरुंगात गच्चीवर तेलाची पिंपं अर्धी कापून त्यात माती भरून त्यांनी भलीमोठी बाग केली. या लोकांना कुणी रोज पाच चेहऱ्यांपैकी एक निवडायला लावला नव्हता. पिंप, माती आणि जायला रोज एक जागा, बस.

कस्टमर केअर: नम्र आहेत. लॅव्हेंडर उगवलं नाही असं लिहिल्यावर माफी मागून दुसरं पाकीट पाठवलं, लॅव्हेंडरचंच.

तर घ्यावं का? स्वतःसाठी असेल तर बॉक्स नका घेऊ, सेल्फ-वॉटरिंग कुंडी, कोकोपीटची वीट, गांडूळखताची बरी मोठी पिशवी आणि एक जोड नसलेलं खुरपं असं सुटं घ्या आणि रोप कुणाकडून तरी मागून आणा. दुसऱ्या कुणाला पाठवायचा असेल तर आधी स्वतःकडे मागवा, जर्नल, कार्डं, मीटर आणि लॅव्हेंडर काढून घ्या, त्या जागी मुळं धरलेलं एखादं रोप ठेवा आणि मग न्या, शक्यतो हातानेच, जमलं तर कोकोपीट तिथेच बसून भिजवून द्या. आणि नंतर "काय गं, उगवलं का?" असे मेसेज करू नका. माझी बहीण करते, मी तिला रोज सूर्यफुलाचा जुनाच फोटो पाठवते.